भिडस्त पंतप्रधान

ऑक्टोबर 1777 मध्ये अमेरिकेत साराटोगा येथे जनरल बर्गॉइनने फौजेसह शस्त्रे खाली ठेवली. जानेवारी 1779 मध्ये राघोबादादांना पुण्यात सत्तेवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज मावळात कोंडली गेली आणि वडगावला तह लिहून देऊन माघारी फिरली. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसची फौज वॉशिंग्टन आणि फ्रेंच यांच्या हाती लागली. अवघ्या चार वर्षांत तीन नामुष्क्या. मधली ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची, बाकीच्या दोन खुद्द राजाच्या फौजांच्या. पण तिन्ही वेळी लंडनमध्ये सरकारचा प्रमुख एकच होता : फ्रेडरिक, लॉर्ड नॉर्थ.

इंग्रजांच्या आठवणीत हा माणूस ‘अमेरिका घालवणारा’ म्हणून राहिला आहे. आपल्याकडे 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टवर टीप लिहिताना विद्यार्थी त्याच्या कायद्याची कलमे घोकतात, कायदा आणणाऱ्याचे नाव मात्र परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात. दोन्हीकडे त्याच्यावर थोडा अन्यायच झाला आहे, आणि थोडी मेहेरनजरही. अन्याय असा की तो मूर्ख किंवा दुष्ट नव्हता. मेहेरनजर अशी की ‘बिचारा भला माणूस, परिस्थितीपुढे काय करणार’ असे म्हणून त्याचे चरित्रकार त्याला सोडून देतात. नॉर्थ भला होता हे खरेच. पण तो भिडस्त होता, आणि भीड ही भिकेची बहीण. फरक एवढाच की इथे भीक त्याच्या वाट्याला आली नाही, राज्याच्या वाट्याला आली.

या भिडेचे मूळ घरातच आहे. नॉर्थचा जन्म 13 एप्रिल 1732 चा. वडील राजपुत्र फ्रेडरिकच्या पदरी दरबारी होते; मुलाचे नाव राजपुत्राच्याच नावावरून. पुढे तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर आलेला राजपुत्राचा मुलगा नॉर्थहून सहा वर्षांनी लहान. दोघे मुलगे दिसायला इतके सारखे की दरबारात कुजबुज चाले आणि राजपुत्र स्वतःच त्यावरून थट्टा करी. कुजबुजीत तथ्य किती हे बाजूला ठेवू. एवढे नक्की की 1749 साली ॲडिसनच्या ‘केटो’ या नाटकाचा घरगुती प्रयोग झाला तेव्हा ही दोन मुले एकत्र रंगमंचावर होती. ज्याच्याबरोबर लहानपणी तोंडाला रंग लावला तो पुढे धनी झाला, की त्याच्यापुढे आवाज चढवणे कोणालाही जडच जाते.

ईटन, ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज, मग युरोपची सफर असे ठरलेले टप्पे पार करून 1754 साली वयाच्या बाविसाव्या वर्षी तो बॅनबरीचा प्रतिनिधी म्हणून कॉमन्समध्ये आला. बॅनबरीत मतदार किती? 18. ते सगळे नगरपालिकेचे सभासद आणि नॉर्थ घराण्याच्या वाड्याच्या छायेतले. 1790 पर्यंत, म्हणजे 36 वर्षे, ही जागा त्याच्याकडेच राहिली. तेव्हाच्या इंग्लंडात यात कोणाला काही वावगे वाटत नसे, आणि ज्यांना आज वाटते त्यांनी आपल्याकडच्या बालेकिल्ल्यांची यादी एकदा नजरेखालून घालावी.

वडिलांनी मुलाला मतदारसंघ दिला, पैसा मात्र दिला नाही. अर्ल ऑफ गिल्फर्ड हे कमालीचे चिक्कू आणि दीर्घायुषी गृहस्थ. ते 1790 साली, वयाच्या 86 व्या वर्षी वारले. तोवर मुलगा नुसता नावाचा ‘लॉर्ड’. त्यामुळे उमरावांच्या सभेत न जाता तो कॉमन्समध्ये बसू शकला, आणि त्याचे राजकारण उभे राहिले. पण मोठे कुटुंब, पंतप्रधानाला साजेसा इतमाम आणि वडिलांचा आखडता हात यांमुळे तो संसाराला लागल्यापासून कर्जातच होता. हे कर्ज ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढे राजाने नेमके त्याच जागी बोट ठेवले.

माणूस म्हणून तो लोभस होता. दिसायला ओबडधोबड, बटबटीत, अधू डोळे, जाड ओठ, फुगलेले गाल. एकदा कोणा पाहुण्याने त्यालाच विचारले, ‘ती कुरूप बाई कोण?’ तो म्हणाला, ‘माझी बायको.’ पाहुणा गडबडला, ‘तिच्या शेजारची म्हणायचे होते मला.’ ‘ती माझी मुलगी,’ नॉर्थ शांतपणे म्हणाला, आणि आम्ही तिघे मिळून लंडनमधले सर्वांत कुरूप कुटुंब मानले जातो अशी पुस्तीही जोडली. सभागृहात विरोधकांची लांबलचक भाषणे चालू असताना तो डोळे मिटून बसे. देशावर अरिष्ट आले असताना पंतप्रधान झोपले आहेत, असे एक सदस्य कडाडला तेव्हा डोळे न उघडताच नॉर्थ उत्तरला की देवाच्या कृपेने खरोखरच झोप लागली असती तर बरे झाले असते. म्हातारपणी तो पूर्ण आंधळा झाला. कर्नल बॅरे हा त्याचा जुना कडवा विरोधकही तेव्हा आंधळा झाला होता. दोघांची गाठ पडली तेव्हा नॉर्थ म्हणाला, आपल्यात कितीही भांडणे झाली असली तरी एकमेकांना पाहून आपल्याइतका आनंद इंग्लंडात दुसऱ्या कोणा दोघांना होणार नाही. ज्याचा गळा धरायचा त्याच शत्रूला हसवणारा हा राजकारणी. द्वेष त्याला जमला नाही. नकारही जमला नाही.

1767 साली तो अर्थमंत्री झाला आणि 28 जानेवारी 1770 ला फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी, म्हणजे सरकारचा प्रमुख. आकड्यांवर त्याची पकड पक्की होती, अर्थसंकल्प तो स्वच्छ मांडी. फॉकलंड बेटांवरून स्पेनशी युद्ध होऊ घातले होते तेही त्याच्या सरकारने टाळले. सुरुवातीची तीन वर्षे पाहता हा इंग्लंडचा एक चांगला पंतप्रधान ठरला असता. पण एक काटा आधीच रुतून बसला होता. अमेरिकेतल्या वसाहतींवर बसवलेल्या करांपैकी चहाचा कर ठेवायचा की तोही काढायचा, यावर मे 1769 मध्ये मंत्रिमंडळात मते घेतली गेली. पाच विरुद्ध चार असा कौल पडला : कर ठेवायचा. पाचांत नॉर्थ होता. मार्च 1770 मध्ये बाकीचे कर रद्द करण्याचा ठराव त्यानेच आणला आणि चहावरचा, पौंडाला तीन पेन्सचा, तेवढा राखला. त्यातून मिळणारी रक्कम क्षुल्लक होती. कर राखला तो संसदेचा हक्क दाखवण्यासाठी.

आता 1773 सालाकडे येऊ, कारण नॉर्थचे सगळे गुणदोष त्या एका उन्हाळ्यात दिसतात. ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती. 1770 च्या दुष्काळाने बंगाल उजाड झाला होता, 1772 मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या, आणि कंपनीच्या वखारींत सुमारे 1.7 कोटी पौंड चहा पडून होता. सरकारला दरसाल द्यायचे 4 लाख पौंड तर राहोच, उलट कंपनीच पदर पसरून दारात उभी राहिली. तिच्यात संसदेच्या कितीतरी सदस्यांचे भाग गुंतले होते. ती बुडाली तर लंडनची बाजारपेठ तिच्याबरोबर जाणार होती. मोठे दिवाळे निघायची वेळ आली की सरकारने पैसा ओतायचा, हा आजच्या बँकांचा शोध नव्हे.

नॉर्थने कंपनीला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले आणि बदल्यात दोन कायदे केले. पहिला चहाचा. कंपनीने आपला चहा लंडनच्या लिलावात न विकता परस्पर अमेरिकेला धाडावा, इंग्लंडातली जकात तिला परत मिळेल. हिशेब चोख होता. अमेरिकेत चोरून येणाऱ्या डच चहाहून हा चहा स्वस्त पडणार होता. फक्त ते तीन पेन्स तसेच राहिले. डाउड्सवेल नावाच्या विरोधी सदस्याने सभागृहात स्पष्ट बजावले की हा कर काढा, नाहीतर ते लोक चहाला हात लावणार नाहीत. नॉर्थने ऐकून घेतले, आणि कर काढला नाही. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. पुढच्या वर्षी बॉस्टनचे बंदर बंद करणारे शिक्षेचे कायदे आले, आणि त्यांच्या पुढच्या वर्षी युद्ध.

दुसरा कायदा म्हणजे आपल्या ओळखीचा रेग्युलेटिंग ॲक्ट. बंगालला गव्हर्नर जनरल, त्याच्या जोडीला चौघांचे मंडळ, कलकत्त्याला सर्वोच्च न्यायालय, आणि मुंबई व मद्रास या इलाख्यांनी कलकत्त्याच्या परवानगीशिवाय युद्ध किंवा तह करायचा नाही. कागदावर झकास. पण गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला मंडळाचा बहुमताचा निर्णय मोडायचा अधिकार दिला नाही. पाचांत तिघे एक झाले की तो पाहत बसे. मुंबईवरच्या बंधनातही पळवाट ठेवली : तातडीचा धोका असेल तर, किंवा लंडनहून खास हुकूम आला असेल तर. कंपनी सरळ ताब्यात घ्यावी तर सनदेवर घाला म्हणून भागधारकांची ओरड. तिला मोकळी सोडावी तर संसदेची ओरड. नॉर्थने कोणालाच दुखवले नाही. कंपनी अर्धी सरकारची झाली आणि अर्धी तशीच राहिली.

या अर्धवटपणाची किंमत कुठे मोजली गेली ते मराठी वाचकाला सांगायला नको. कायदा मंजूर झाला जूनमध्ये. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुण्यात वारसाचा तंटा पेटला. मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी-वसईवर फार दिवसांचा. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येत असल्याची आवई उठताच ‘तातडीचा धोका’ आपोआप हजर झाला, आणि डिसेंबर 1774 च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला त्यांनी घेतला. मार्च 1775 मध्ये सुरतेला राघोबादादांशी तह केला. कलकत्त्याच्या मंडळाला हे कळले तेव्हा त्यांनी हे युद्ध अविचाराचे, बेकायदा आणि अन्यायाचे ठरवले आणि कर्नल अप्टनला पाठवून मार्च 1776 मध्ये पुरंदरला दुसराच तह केला. तेवढ्यात लंडनच्या संचालकांचे पत्र आले की आम्हाला सुरतेचा तह पसंत आहे. मुंबईचे म्हणणे एक, कलकत्त्याचे दुसरे, लंडनचे तिसरे. नाना फडणिसांनी इंग्रजांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा म्हणजे कोणाच्या?

1778 च्या अखेरीस मुंबईची फौज राघोबादादांना घेऊन घाट चढली. सामानाला 19,000 बैल. चाल दिवसाला जेमतेम मैलभर. पुढचा मुलूख मराठ्यांनी जाळून मोकळा केलेला. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. शत्रूच्या त्या शूर अधिकाऱ्याला मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ केले आणि मावळातले लोक त्याच्या समाधीला देवासारखे मानत आले. तळेगावपर्यंत पोचलेल्या साहेबांच्या समितीला पुढे जाववेना. जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलून रात्रीतून माघार सुरू झाली आणि महादजी शिंद्यांनी तिला वडगावला गाठले. यातली एकही आज्ञा नॉर्थने दिलेली नव्हती. त्याची जबाबदारी त्याहून जुनी होती : कोणी आज्ञा द्यायची हेच त्याच्या कायद्याने धड ठरवले नव्हते.

आणि हीच त्याच्या साऱ्या कारकिर्दीची तऱ्हा. ब्रिटनच्या राज्यघटनेत पंतप्रधान नावाचे काही नसते, असे तो म्हणे. घरातल्यांनीही आपल्याला तसे म्हणू नये असा त्याचा आग्रह असे. विनय म्हणून हे गोड वाटते. पण अमेरिकेचे युद्ध चालू असताना युद्धखात्याचा मंत्री एकीकडे, आरमाराचा दुसरीकडे आणि खजिना तिसरीकडे, अशी अवस्था होती. सगळ्यांना एका सुरात आणायचे काम ज्याचे, तोच म्हणे की असे कोणाचे कामच नाही. पुढे एकेकाळचा विरोधक चार्ल्स फॉक्स याच्याशी बोलताना त्याने स्वतःच कबूल केले की खात्याखात्यांचे हे सरकार मी आणले नाही, मला ते तसेच मिळाले. पण ते मोडून काढण्याचे बळ आणि निश्चय माझ्यात नव्हता. कबुली स्वच्छ आहे. फक्त ती देईपर्यंत अमेरिका गेली होती.

त्याला कळत नव्हते असे नाही, आणि म्हणूनच त्याला सोडून देता येत नाही. साराटोगाची बातमी आल्यापासून तो राजाला विनवत होता की मला मोकळे करा, माजी पंतप्रधान चॅटमला बोलवा, हे काम माझ्या आवाक्यातले नाही. 1778 सालच्या एका पत्रात तर त्याने लिहिले की आपल्या राहण्याने महाराजांच्या कारभाराचा नाश होतो आहे ही टोचणी सोसण्यापेक्षा देहदंड पुरवला. इतके स्पष्ट लिहिणारा माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर! राजा दर वेळी एकच सांगे : संकटात मला टाकून जाणार का? आणि नॉर्थ वितळे. त्याच्या आधी, सप्टेंबर 1777 मध्ये, राजाने आपण होऊन त्याचे कर्ज फेडायची तयारी दाखवली होती, लागले तर 20,000 पौंडांपर्यंत. मायेने दिले असेल; राजाचा स्वभाव पाहता तसे म्हणायला जागा आहे. पण ज्याचे देणे राजाने फेडले, त्याने राजाला ‘हे युद्ध आता थांबवा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? मनाला पटत नसलेल्या युद्धाचा अर्थसंकल्प तो वर्षामागून वर्ष तितक्याच सफाईने मांडत राहिला.

खुर्चीला चिकटणारे राज्यकर्ते आपण पुष्कळ पाहतो. हा सुटायला धडपडणारा होता. रणांगणावर मरणाऱ्याला या दोहोंतला फरक काय कळणार होता?

नोव्हेंबर 1781 मध्ये यॉर्कटाउनची बातमी डाउनिंग स्ट्रीटला आली तेव्हा छातीत गोळी बसावी तसे हात पसरून तो खोलीभर फिरत राहिला आणि सगळे संपले, सगळे संपले असे म्हणत राहिला, असे सांगतात. त्याच्या स्वरात दुःखाबरोबर सुटकाही असावी असा आमचा संशय आहे. तरी राजा ऐकेना. त्याने सिंहासन सोडण्याचा मसुदासुद्धा लिहून ठेवला. अखेर सभागृहातले बहुमत ढासळल्यावर 20 मार्च 1782 ला नॉर्थने राजीनामा जाहीर केला. रात्र बर्फाची होती. वाद उत्तररात्रीपर्यंत चालेल म्हणून बाकी सगळ्यांनी आपल्या गाड्या परत पाठवलेल्या. नॉर्थची तेवढी दारात उभी. कुडकुडणाऱ्या विरोधकांकडे पाहून तो म्हणाला, आतली बातमी असण्याचा फायदा पाहिलात ना, आणि निघून गेला. दोनच महिन्यांनी, 17 मे 1782 ला, सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी चाललेले युद्धही मिटले. साष्टी इंग्रजांकडे राहिली, राघोबादादांना पेन्शन मिळाले.

राजा मात्र मागचे विसरला नाही. 1780 च्या निवडणुकीत सरकारी पक्षासाठी गुपचूप पैसा खर्चला होता आणि त्यासाठीचे कर्ज पेढीत नॉर्थच्या नावावर होते. ते कोणी फेडायचे यावरून दोघांत कडवट पत्रे झाली. कर्ज फेडणारा धनी आता त्याच्याच गळ्यात कर्ज अडकवू पाहत होता. तेव्हा कुठे भीड चेपली असावी. कारण फेब्रुवारी 1783 मध्ये नॉर्थ जाऊन मिळाला तो राजाला डोळ्यांसमोर नको असलेल्या, आणि वर्षानुवर्षे नॉर्थवर तोंडसुख घेतलेल्या चार्ल्स फॉक्सला. या युतीला लंडनभर लोक हसले, व्यंगचित्रकारांची दिवाळी झाली. वर्षअखेरीस फॉक्सने कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या आयुक्तांकडे देणारे विधेयक आणले. दहा वर्षांपूर्वी नॉर्थने जे धैर्य दाखवले नाही, तेच. कॉमन्सने ते पास केले. मग राजाने उमरावांत निरोप फिरवला की याला मत देणारा माझा मित्र नव्हे, शत्रू. 17 डिसेंबर 1783 ला विधेयक पडले आणि दुसऱ्याच रात्री राजाने मंत्र्यांच्या मुद्रा परत मागवल्या. मध्यरात्री निरोप्या नॉर्थच्या दारात आला तेव्हा स्वारी निजलेली. तातडीचे काम आहे, आत्ताच भेटायचे आहे, असा हट्ट धरल्यावर आतून उत्तर आले की मग लेडी नॉर्थनाही भेटावे लागेल, कारण त्या इथेच निजल्या आहेत. मुद्रा कोणत्या कपाटात आहेत ते नॉर्थने सांगितले, किल्ली दिली, आणि कूस वळवून तो पुन्हा झोपी गेला.